छत्तीस फुटांची एन्ट्री

आमच्या गावच्या रंगमंचावर एकदा बैलजोडी चढली होती असं मी सांगतो, तेव्हा ऐकणारे आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग एकमेकांच्या. माझा लौकिकच तसा आहे. मी चार सांगितले की लोक अडीच धरतात. पण बैलांच्या बाबतीत मी पदरचं एक शेपूटसुद्धा लावलेलं नाही. दोन बैल, आठ खुरं, दोन शेपट्या. आणि खाली हातात टेप घेऊन उभा असलेला, सांगलीहून आलेला तरणा इंजिनिअर. सरकारी निधीतून बांधलेल्या कामाची अशी चाचणी तो कॉलेजात शिकलेला नव्हता.

गोष्ट नव्वद सालानंतरची, पण दोन हजार साल अजून लांब होतं तेव्हाची. आमचं गाव उंब्रजपासून हाकेच्या अंतरावर. हाक माझी असेल तर. दुसऱ्या कुणाची असेल तर दीड कोस. तिथल्या हायस्कूलात मी चित्रकला शिकवायचो. वर्षातले अकरा महिने पोरांना आंबा आणि केळं काढायला लावायचं आणि बाराव्या महिन्यात जत्रेच्या नाटकाचे पडदे रंगवायचे, अशी माझी नोकरी. नाटक मीच लिहायचो, मीच बसवायचो आणि ऐन प्रयोगात विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही मीच करायचो. कारण मी लिहिलेले संवाद कुणाच्या लक्षात राहत नसत. लोक म्हणायचे, ते तुझ्या तरी कुठं लक्षात असतात.

रंगमंच दगडी. चावडीसमोरच्या मैदानात, तीन फूट उंच. वर चढायला मागच्या अंगाला चार पायऱ्या, आणि त्या पायऱ्या बांधणाऱ्यानं बहुतेक उंटाचा पाय मोजून बांधल्या असाव्यात. धोतरवाला, नऊवारीतली नटी, पेटीमास्तर, सगळे तिथं एकदा तरी आपटलेले. पण आपटत का होईना, माणसं वर जात होती. वर जाता येणार नाही असा माणूस असू शकतो, हे मेजर घरी येईपर्यंत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मेजर म्हणजे खराखुरा मेजर नव्हे. आमच्या भागात पलटणीतून आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात, मग तो तिथं भात का शिजवत असेना. आमचा मेजर हवालदार होता. माझा बालमित्र, घराला घर लागून. लग्नाला, बारशाला, बापाच्या आजारपणाला त्यानं कधी रजा काढली नाही. सगळी रजा जत्रेच्या नाटकासाठी राखायचा. कारण गावचा खलनायक तो होता. बाकीचे नट दरवर्षी बदलायचे, खलनायक कायम. काय त्याचं हसणं! मेजर स्टेजवर हसला की तिकडं महाबळेश्वरला माकडं फांदीवरनं निसटायची, असं मी एकदा कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं आणि कुणीही हरकत घेतली नव्हती.

आणि गावच्या बायका त्याला शिव्या द्यायच्या. नाटक चालू असताना, उभ्या राहून. "मुडद्या, तुला पटकी यील!" "त्या पोरीच्या अंगाला हात लावशील तर बघ!" एकदा एका बाईनं फेकलेली चप्पल नेमकी पेटीमास्तरांना लागली आणि त्यांनी सूर न सोडता पुढचं पद घेतलं. दुसऱ्या दिवशी हापशावर मेजरला कुणी पाणी भरू देत नसे. मेजर रिकामी कळशी घेऊन घरी यायचा तो असा खुलून, जणू छातीवर पदक लागलंय.

मग एका वर्षी तो रजेवर आला नाही. बर्फातल्या चौकीवर दोन्ही पाय गेले. पुढचं वर्ष लष्करी दवाखान्यात काढून तो घरी आला, ते चाकाच्या खुर्चीतून. ते पाय कसे गेले याच्या मी पुढं दहा हकिकती केल्या आणि दहाही दहा ठिकाणी सांगितल्या. त्यानं स्वतः एकही सांगितली नाही.

त्या जत्रेत गावानं त्याचा सत्कार ठेवला. तालमीतल्या चार पैलवानांनी खुर्चीसकट त्याला उचललं. चौघांतला एक बुटका निघाला. खुर्ची कलली, मेजरचा फेटा सुटला आणि खालच्या गर्दीत घरंगळत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेजरनं शाल घेतली, नारळ घेतला, हसला. खलनायकाचं नव्हे, दुसरंच कसलं तरी हसणं होतं ते.

घरी सोडायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, चौघांनी उचलायचं ते एकदाच असतंय. आन तवा आपल्याला कळत नसतंय. ह्या गड्यांनी मला डोळं उघडं असताना उचललं."

"अरं, प्रेमानं उचललं त्यांनी."

"व्हय. तेच," तो म्हणाला. "दोन म्हयनं झालं येऊन. गावात एक बी बाई मला वंगाळ बोलली न्हाई. समदी आपली 'बिचारा, बिचारा'. घरात ही बया भांडायची बंद झालीया. भाजीत मीठ न्हाई म्हटलं तर रडाय लागती. मी काय मेलोय का रं?"

दारात उभी असलेली वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. एके काळी ही बाई भांडायला लागली की शेजारी मी चित्र काढायचं थांबवून शब्द टिपून घ्यायचो. माझ्या नाटकातले निम्मे झणझणीत संवाद तिचे आहेत.

"मला नाटकात घे," मेजर म्हणाला. "पर वर जाईन तर माझा मी. कुणाचा हात लागता कामा न्हाई. न्हाईतर मी ओट्यावर बसून भोंग्यातनं ऐकीन."

पुढची जत्रा त्यानं खरंच ओट्यावर बसून ऐकली. त्याची खलनायकाची भूमिका ग्रामसेवकाला दिली होती. तो हसला तर बायकांनी त्याला पाणी विचारलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी चित्रकलेच्या परीक्षेच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो. तिथल्या एका कचेरीत ओळखीचा कारकून चहा पाजता पाजता सहज बोलून गेला. अपंगांसाठी नवा कायदा झालाय, त्याच्या मागनं एक कागद आलाय. नाट्यगृहं, वाचनालयं, गावोगावचे रंगमंच, जिथं जिथं म्हणून लोक कला करायला नाहीतर बघायला जमतात, तिथं अपंगांना जाता यावं म्हणून सोयी करायला सरकार निधी देतंय.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. कुणी मागाय येईना, मास्तर. लोकं म्हणत्यात, आमच्याकडं अपंग न्हाईत. मार्चअखेर परत जाणार बघा."

मी बशी खाली ठेवली आणि तिथंच, परीक्षेतून उरलेल्या ड्रॉइंग पेपरवर अर्ज लिहिला. नाटक लिहायला मला तीन महिने लागतात. हे एकाच बैठकीत झालं आणि माझ्या सगळ्या नाटकांपेक्षा सरस होतं. गावाची कलापरंपरा मी शिवकाळाच्या थोडी मागं नेली. मग प्रश्न आला आकड्याचा: गावात अपंग कलावंत किती? एक हा आकडा कागदावर मला फार एकाकी दिसला. म्हणून त्याच्या शेजारी सोबतीला सात बसवला.

महिन्याभरात इंजिनिअर हजर. सांगलीच्या विभागीय कचेरीतला, शिडशिडीत, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. मैदानात सरपंच, सदस्य, आम्ही नाटकवाले, मेजर, सगळे जमलेले. त्यानं कागद काढला आणि सरळच विचारलं, "सतरा कलावंत आहेत ना? बोलावता का त्यांना?"

मी आकाशाकडं बघितलं. पण आमचं गाव पडत्याला हात देणारं. क्षणभरानं सरपंचांचा भाऊ डाव्या पायानं लंगडत पुढं आला. त्याच्या मागनं ग्रामसेवक. मग तालमीतले चारही पैलवान. बघता बघता अर्धं मैदान लंगडायला लागलं. सरपंचांच्या भावाला तर साहेबानं मान वळवली की पाय कोणता ते आठवेना. जाताना डावा, येताना उजवा.

"ए, सरळ चाला रं!" मेजरची हाक अशी कडाडली की पैलवान सावधान होऊन उभे राहिले. "साहेब, मी एकलाच हाय. सतरा ह्या मास्तरानं लिवलंत. त्येला सवय हाय. एकल्यासाठी चढ बांधत नसंल सरकार, तर तसं सांगा. मी निघतो घराकडं."

इंजिनिअरनं चष्मा वर सारला. माझी नोकरी, पेन्शन, पोराबाळांचं शिक्षण माझ्या डोळ्यांपुढनं गेलं.

"एकासाठीही बांधतं," तो म्हणाला. "आकडा विचारलाच नव्हता हो, मास्तर." त्यानं पेन काढून माझ्या सातावर काट मारली. "आणि तुम्ही एकटेच आहात असं तरी कशावरून? ज्याला चढता येत नाही तो इथं येतच नसणार. मग तुम्हाला दिसणार कसा?"

मग त्यानं मोजमाप घेतलं. तीन फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे छत्तीस फुटांचा रॅम्प. मागं शाळेची भिंत, उजव्या हाताला मारुतीचं देऊळ. जागा एकच: स्टेजच्या डाव्या कोपऱ्यापासून सरळ समोर, प्रेक्षकांत. नकाशा काढून, सही करून तो सांगलीला गेला, आणि तो जाताच सगळ्यांचे डोळे एका दगडाकडं वळले.

हा दगड आबांचा. आबा म्हणजे गावचे मानकरी, ऐंशीच्या पुढचे. रंगमंचाची जमीन त्यांच्या आज्यानं दिलेली, म्हणून स्टेजसमोर डाव्या बाजूला एक लांबरुंद काळा दगड त्या घराण्याच्या मानाचा. जत्रेच्या नाटकाला त्यावर गादी-लोड घालून आबा बसायचे. नांदी झाली की झोपायचे आणि शेवटचा पडदा पडताना आपण होऊन उठायचे. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून माझं नाटक संपूर्ण सहन करणारे गावात ते एकटेच. पण दगड म्हणजे दगड. त्याला पाय लागला तर लोक वाकून हात लावून नमस्कार करत. आणि इंजिनिअरच्या नकाशातली रेघ त्या दगडावरनं जात होती.

आबांना सांगणार कोण? सरपंच म्हणाले, मास्तरांनी सांगावं. मी म्हटलं, सरपंचांनी. अखेर पंचांनी आपल्या भागात करतात तसा मधला मार्ग काढला: कुणीच सांगायचं नाही, रॅम्पच आखूड करायचा.

"बारा फूट लय झालं," सरपंच म्हणाले. "गुऱ्हाळावर उसाची भरल्याली गाडी बारा फुटात चढती. मेजर काय गाडीपरास जड हाय? आन उरलेल्या निधीत मस्त कमान करू. वर समद्यांची नावं."

गवंडी आमच्या बौद्ध वस्तीतला. मुंबईला दहा-पंधरा वर्षं मोठमोठ्या इमारतींवर काम करून आलेला, बोलायला तिखट. तो ओळंबा हातात फिरवत म्हणाला, "आवं, ह्यो चढ न्हाई, शिडी हाय. नकाशात छत्तीस हायत."

"नकाशा सांगलीच्या माणसानं काढल्याला हाय. हितली माणसं दमाची हायत."

"माणसं दमाची हायत, पर चाक न्हाई नं दमाचं."

पण काम पंचायतीचं, ऐकावं लागलं. त्यानं बारा फुटांचा रॅम्प बांधला, आणि बांधला मात्र फरशीसारखा गुळगुळीत.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इंजिनिअर काम बघायला आला. लांबूनच त्याचा चष्मा घसरला. त्यानं टेप काढायच्या आत सरपंचांनी शीळ घातली आणि चावडीमागून त्यांची शर्यतीची खोंडं आली. झूल, शिंगांना रिबिनी, कपाळाला गुलाल. आता कुणी हसेल, पण आमच्याकडं चढाची परीक्षा बैलच घेतो. शेतातला बांध असो, ओढ्याची उतरण असो, नाहीतर खिंडीतला नवा रस्ता. बैल गेला की काम पास. आजवर एकाही इंजिनिअरची सही बैलाच्या खुराइतकी कुणी खरी मानलेली नाही.

"बघा साहेब!" म्हणून सरपंचांनी कासरा हलवला आणि खोंडं चढली. कशी चढली! डौलात, मान डोलवत, जन्मभर नाटकात काम केल्यासारखी. वर जाऊन मधोमध उभी राहिली आणि समोर बघितलं. एकानं तिथंच शेण टाकलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"शकुन झाला," सरपंच म्हणाले. "करा सही."

"सरपंच," इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "निधी बैलांसाठी आलेला नाही."

"पर बैल जातोय म्हंजी..."

"बाजूला व्हा जरा." हे मेजर. खुर्ची फिरवून तो रॅम्पच्या पायथ्याला आला होता. "ज्येच्यासाठी बांधलंय त्येला बघू द्या."

बैल उतरेनात, ही अडचण होतीच. एकदा स्टेजवर चढलेला नट सहज उतरतो थोडाच? त्यांना गुळाचं आमिष दाखवून खाली आणेपर्यंत मेजर थांबला. मग त्यानं चाकांवर हात घातले. पैलवान नकळत पुढं झाले, तशी त्यानं नुसती मान वळवली. ते थांबले.

चार फूट गेला. सहा. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. आठव्या फुटाला खुर्चीची पुढची चाकं उचलली, हात सुटले, आणि खुर्ची उलटी सुटली. ती मैदान ओलांडून, हायवे पार करून पार शिरवळपर्यंत गेली आणि टोल... नाही, इथं मी थांबतो. ती वीस फूट गेली. पण त्या वीस फुटांत माझा जीव शिरवळला जाऊन आला, हे खरं. वीस फुटांवर आबांचा दगड होता. सरकारचा माणूस आलाय म्हणून आबा फेटा बांधून त्यावर बसले होते. खुर्ची दगडावर आदळली आणि मेजर उडून थेट आबांच्या मांडीवर.

ऐंशीच्या पुढचा मानकरी आणि त्याच्या मांडीत सहा फुटी फौजी. म्हणजे पूर्वी सहा फुटी.

"लागलं का रं?" आबांनी विचारलं.

"न्हाई, आबा. तुमास्नी?"

"मला काय धाड भरलीया."

कुणीतरी मेजरला उचलायला धावलं. आबांनी काठी आडवी धरली. मग त्यांनी वाकून दोन्ही हातांनी खुर्चीचं चाक घट्ट धरून ठेवलं, आणि मेजर दगडावर हात रोवून, स्वतःला ओढत, आपला आपण खुर्चीत चढून बसला. त्याला वेळ लागला. आबा चाक धरून तेवढा वेळ वाकलेले होते.

"किती लांब पायजे हुतं?" आबा इंजिनिअरला म्हणाले.

"छत्तीस फूट."

"मग बाराच का बांधलं?"

सगळं गाव पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलं. गवंडी तेवढा बोलला. आबांना ऐकू जावं म्हणून जरा जवळ जाऊन.

"आबा, तुमचा दगूड आडवा येतुया."

"मग मला सांगाय काय तोंडात गूळ धरला हुतासा?"

"मानाचा दगूड हाय न्हवं. कोन सांगणार?" गवंड्यानं मैदानाच्या टोकाकडं बोट केलं. "माझा आजा नाटक बघाय त्या तिकडं, पिपरणीच्या झाडापल्याड उभा ऱ्हायचा. बसायची सोय नव्हती आमास्नी. आता मी हितं पुढं बसतुया. जागा हालत्यात, आबा. एकदम न्हाई हालत, पर हालत्यात."

आबा काठी टेकत घराकडं निघून गेले. इंजिनिअरनं सही केली नाही. "एकतीस तारखेला निधी परत जाईल," एवढं सांगून तो उंब्रजला एस.टी. धरायला गेला. संध्याकाळी मी मेजरच्या ओट्यावर नाटकाची वही घेऊन गेलो, तर म्हणाला, "दिवाणाचं काम ग्रामसेवकालाच दे."

त्या वर्षीच्या नाटकात एक कपटी दिवाण होता. मी तो मेजरला समोर ठेवून लिहिला होता. ग्रामसेवकाला दिला असता तर त्यानं तो कट रचता रचता प्रजेला रेशनकार्ड वाटून टाकलं असतं. मी वही तशीच ओट्यावर ठेवून आलो.

सकाळी शाळेत निघालो तर मैदानात पहारीचा आवाज. आबा उभे, त्यांचे दोन नातू दगड उपटताहेत आणि गवंडी उकिडवा बसून बघतोय.

"फोडायचा न्हाई," आबा त्याला सांगत होते. "चढाच्या पायथ्याला बशिव. पैलं चाक माझ्या आज्याच्या दगडावरनं गेलं पायजे."

"आवं आबा, मानाचा दगूड. त्येच्यावरनं चाक..."

"मग काय माझ्यावरनं घालतुयास? बशिव म्हणतो नं!" मग माझ्याकडं वळून, गावाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "आन मास्तर, मला एक खुर्ची ठेव. हात असल्याली. वीस वर्षं झाली, त्या दगडावरनं उठताना गुडघं बोंबलत्यात. पर मानाची जागा, सांगू कुणाला?"

'तुम्ही एकटेच कशावरून?' असं इंजिनिअर मेजरला म्हणाला होता, ते मला तेव्हा आठवलं. सातावर काट मारायची त्यानं घाई केली होती, एवढं मात्र मनात म्हटलं.

आठ दिवसांत जुनं फोडून नवं उभं राहिलं. कमानीचा बेत गेला आणि तो निधी छत्तीस फुटांत जिरला. गवंडी सिमेंटवर ओली पोती टाकून बाळंतिणीसारखी त्याची निगा राखत होता. कुत्रं जवळ आलं तरी थापी घेऊन धावायचा. एकतीस तारखेच्या आदल्या दिवशी सही झाली. जत्रेच्या आधी पडदे लावायला आमचा टेलर स्वतः वर आला. त्याचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. वीस वर्षं त्यानं आमचे पडदे शिवले होते, खाली बसून. ते वर टांगल्यावर स्टेजवरनं कसे दिसतात हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि एक शिवण वाकडी निघाली म्हणून स्वतःवरच वैतागला.

नाटकाचा दिवस उजाडला. लोडशेडिंगच्या धाकानं त्या वर्षी दिवेलागणीलाच नांदी केली. सांगलीहून भाड्यानं आणलेला भरजरी पोशाख मेजरच्या अंगावर, कपाळाला आडवं गंध, मिशीला पीळ. दिवाणाची एन्ट्री विंगेतून नव्हती, असूही शकत नव्हती. रॅम्प प्रेक्षकांतनं जात होता, तेव्हा दिवाणही प्रेक्षकांतनं येणार. मी लिहिलेलं स्वगत चार ओळींचं. छत्तीस फुटांना किती ओळी लागतात याचा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

पेटी वाजली. मेजर आबांच्या दगडावर आला. चाक दगडावरनं गेलं तसं खुर्चीत बसलेल्या आबांनी फेट्याला हात लावला. आणि मेजर निघाला. एक हात, एक हात. चाकाचा आवाज तेवढा येत होता. मी विंगेतून बघत होतो; मांडीवरची वही कधी मिटली ते मला कळलं नाही.

निम्म्यात पोचला असेल, आणि घात झाला. कुठंतरी मागं एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. पैलवान तर हुंदके देत होते. "वा मेजर! वा रं वाघा!"

मेजर थांबला. त्यानं चाकं धरून ठेवली. त्याचा चेहरा मला दिसत होता, आणि असला चेहरा मी सत्काराच्या दिवशी एकदाच बघितला होता. मला वाटलं, हा आता खुर्ची फिरवणार आणि घरी जाणार.

टाळ्या ओसरेपर्यंत तो तसाच राहिला. मग मान सावकाश वळवून त्यानं सगळ्या मैदानावरनं नजर फिरवली आणि माझ्या वहीत नसलेलं बोलला.

"वाजवा. हात मोकळं हायत तवर वाजवून घ्या. उद्या सकाळपासनं गावच्या विहिरीला माझं कुलूप. ज्या बाईला पाणी पायजे तिनं वाड्यावर यायचं, आदी माझ्या घोड्याला खरारा करायचा, आन मग कळशी उचलायची. आन कळशी बी अर्धीच!"

आणि हसला. काय सांगू! महाबळेश्वरचं सोडा, चावडीच्या कौलांवरची कबुतरं त्या हसण्यानं उडाली, आणि ही एकही कौल न वाढवता सांगितलेली गोष्ट आहे.

चैत्राचे दिवस. विहीर तळाला गेलेली. बायका चार-चार फेऱ्या करून नाटकाला आलेल्या. मैदानात अशी शांतता पसरली की आबांनासुद्धा ती ऐकू आली. मग बायकांच्या घोळक्यातून एकजण ताडकन उठली. कमरेला पदर खोचलेला. वहिनी.

"आरं ए दिवाणा! तुझ्या बानं खांदली व्हय रं ती हीर?"

मेजरचे डोळे असे चमकले की पेट्रोमॅक्स मंद वाटली. पण तोंड दिवाणाचंच. "कोन बोललं? धरा तिला!"

"ये की धराय! ये खाली! तुझ्या मिशीचा कुंचा करून त्या घोड्याची लीद लोटीन!"

मग काय, बांध फुटला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. एकीनं त्याचं तळपट केलं, दुसरीनं त्याच्या घोड्याचं. म्हाताऱ्या बोटं मोडायला लागल्या. पोरं शेंगांची टरफलं मारायला लागली. एक चप्पल आलीच. आणि त्या सगळ्या माऱ्यातून मेजर वर चढत राहिला, एक हात, एक हात, थांबून प्रत्येकीला वाकुल्या दाखवत, मधेच चाक सोडल्यासारखं करून घाबरवत, उरलेले अठरा फूट. ते अठरा फूट त्यानं किती पुरवून खाल्ले म्हणून सांगू. कराडहून साताऱ्याला जाऊन यायला इतका वेळ लागत नाही.

शेवटी खुर्ची स्टेजवर आली. मधोमध येऊन त्यानं ब्रेक लावला. खाली शिव्यांचा पूर चालूच. मला आता भान आलं. पुढचं वाक्य द्यायला हवं म्हणून मी घाईघाईनं वही उघडली, पान सापडेना, सापडलं ते उलटं. मी "प्रजाजनहो..." म्हणून कुजबुजलो.

मेजरनं मान वळवली नाही. मिशीखालचे ओठसुद्धा हलले नाहीत.

"गप बस, मास्तर," तो म्हणाला. "दिऊ दे अजून."